गैरहजर अशील

डॉन एव्हारिस्तो बास्तेर्रा यांच्या कचेरीत
सत्तावीस वर्षं मी फायली बांधल्या.
जमिनीच्या तंट्यांना निळी फीत, वारसाहक्काला लाल,
आणि एकच पांढरी,
जिच्या गाठीला हात लावायचा नाही असा हुकूम.

झामोऱ्याच्या कोर्टात ते उभे राहिले
की आधी बाह्यांची लेस सारखी करत.
माझी बायको तिला खळ जरा जास्तच घालायची.
दोनदा संसदेत गेले. भाषणात पुलाचा कर,
पाटाचं पाणी, आणि शेवटी, न चुकता, सिंहासन.
टाळ्या थोड्या पडत. पण उठून कुणी जात नसे.

त्या एप्रिलात खेड्यांनी एक सांगितलं, शहरांनी दुसरं.
राजा रात्रीच्या बोटीने गेला.
साहेब सकाळी नऊला कचेरीत आले,
टोपी खुंटीला लावली, म्हणाले,
"निकासियो, अशील गैरहजर आहे.
दावा चालू आहे."

त्याच आठवड्यात कोर्टात सुतार आला, तेलेस्फोरो म्हणून.
न्यायासनाच्या पाठीवरचा मुकुट तो तासून काढत होता,
हळूहळू, जणू आजारी माणसाची दाढी करतोय.
साहेब खाली वाकले, गुडघे कुरकुरले,
आणि एकेक ढलपी वेचून
त्यांनी कागदाच्या पुडीत बांधली.
"पुरावा," म्हणाले.
सुतार हसला नाही. रंधा झटकून त्याने
आणखी दोन ढलप्या पुढे केल्या.

मग युद्ध. साहेबांनी घरची चांदी दिली,
कुठल्या बाजूला ते सांगायला नको.
आणि त्याच बाजूच्या शिपायांनी तेलेस्फोरोला उचललं.
लष्करी कोर्टात आमच्या वकिलीला कोण विचारतो?
साहेब साक्षीदार म्हणून उभे राहिले, लेसशिवाय.
"मुकुट याने काढला. नगरपालिकेच्या लेखी हुकमाने काढला.
लाकडाला ओरखडा नाही.
हे मी सांगतोय, राजाचा माणूस."
भिंतीऐवजी बारा वर्षं मिळाली.
क्लबात मात्र त्या संध्याकाळपासून
साहेबांच्या टेबलाला एकच खुर्ची उरली.

पुढे एका अर्जावर त्यांनी सही केली:
जनरलसाहेबांनी आता गादी ज्याची त्याला द्यावी.
अर्ज नम्र होता, मीच टाईप केला होता.
उत्तरादाखल पंचवीस हजार पेसेटांचा दंड
आणि पोर्तुगालच्या हद्दीवरच्या एका खेड्यात रवानगी,
जिथे बस आठवड्यातून दोनदा, तीही बर्फ नसेल तर.
तिथे ते धनगरांचे कुरणांचे अर्ज लिहीत.
फी म्हणून चीज मिळे. अर्धं माझ्याकडे पाठवत.

एकदा सीमेपलीकडून, राजघराण्याकडून पत्र आलं.
मीच घेऊन गेलो, कोटाच्या आतल्या खिशात.
छापील कार्ड होतं. निष्ठेबद्दल आभार.
नावात एक र कमी.
साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
दौत उघडली, आणि बारीक अक्षरात
तो र स्वतःच भरला.
"कारकुनांच्या चुका होतात," माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी त्या एप्रिलात कुणाला मत दिलं
हे त्यांनी कधी विचारलं नाही.
विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं मी?

ते गेले फेब्रुवारीत. पांढरी गाठ मी दातांनी सोडली.
आत एक वकालतनामा, सगळा भरलेला,
अशिलाच्या सहीची जागा तेवढी कोरी.
खाली फी: येणे.
आणि ती पुडी.

तेलेस्फोरो सुटून आला होता, एका डोळ्याने अधू.
त्याच्यासमोर पुडी उघडली.
त्याने एक ढलपी नाकाशी धरली, बराच वेळ.
"अक्रोड," म्हणाला.
"लोक ओक समजायचे."